आडव्या बाटलीचं औचित्य

आमदार ईश्वरप्पा तोंडारे यांनी आपल्या सार्वजनिक जीवनात तत्त्वाशी एकदाही तडजोड केलेली नाही. हे वाक्य त्यांच्या कार्यअहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात छापलेलं आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे. तडजोड करायची तर समोर कुणीतरी उलटं बोलावं लागतं. अप्पांच्या बैठकीत तशी वेळ आजवर कुणावर आलेली नाही.

अप्पा मूळचे कंधार तालुक्यातल्या मादळवाडीचे, राहायला लातूरला. तिथल्या गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान. राजकारणात त्यांना आणलं ते एका बाहुलीनं. शेजारच्या दुकानदारानं काचेच्या कपाटात माणसाएवढी बाहुली उभी केली, तिला पैठणी नेसवली आणि ब्लाउज मात्र घातला बिनबाह्यांचा. अप्पांनी तीन दिवस येता-जाता ती नीट पाहिली. चौथ्या दिवशी मोर्चा काढला. शेजाऱ्यानं घाबरून बाहुली आत नेली, त्या दिवाळीत गिऱ्हाईक अप्पांच्या दुकानाकडे वळलं, आणि संस्कृतीच्या मागे उभं राहिलं की संस्कृतीही आपल्या मागे उभी राहते, हे अप्पांना पटलं. पुढं ते तीनदा निवडून आले.

विधानसभेत अप्पांच्या भूमिका ठाम असतात. वाढदिवसाला केक कापण्याऐवजी औक्षण करावं. शाळेत संस्काराचा एक तास असावा आणि तो गणिताच्या तासातून काढावा, कारण गणित मुलं क्लासला शिकतातच. कंधारच्या किल्ल्यात लग्नाआधीच नवरानवरी फोटो काढतायत, हा प्रश्न त्यांनी इतक्या तळमळीनं मांडला की त्या अधिवेशनात मतदारसंघातल्या रस्त्यांचा प्रश्न मागे पडला. रस्त्यांबद्दल तसं त्यांचं धोरण स्पष्टच आहे. वाडवडिलांनी आपल्याला रस्ता जसा दिला तसाच तो पुढच्या पिढीच्या हाती सोपवायचा.

पण अप्पांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक भूमिका दारूविरोधाची. आणि इथं कुजकट शंका घेण्याचं कारण नाही, अप्पा खरोखरच पीत नाहीत. पिणं सोडाच, तो शब्दही उच्चारत नाहीत. भाषणात ते तिला 'ते' म्हणतात. ''त्यानं' किती संसार उद्ध्वस्त केले!' असं त्यांचं भाषण असतं. अधिवेशनाच्या छापील इतिवृत्तातही ते तसंच आलंय. वाचणाऱ्याला वाटतं, अप्पा कुठल्यातरी मंत्र्याबद्दल बोलतायत.

तर या अप्पांकडे गेल्या वर्षी मादळवाडीची महानंदा आली.

महानंदा बचत गटाची अध्यक्ष. मिरची कांडायचं मशीन चालवते, त्यामुळं तिच्याशी बोलताना समोरच्याला आधी शिंका येतात. तिचा नवरा अमृतराव गावचा वायरमन, कंत्राटी. घर आणि गावची विजेची डीपी यांच्या मधोमध अण्णारावचं देशी दारूचं सरकारमान्य दुकान आहे. त्यामुळं अमृतराव घरातून निघायचा सरळ आणि खांबापाशी पोचायचा वाकडा. आतापर्यंत तो दोनदा खांबावरून पडला होता. पहिल्या वेळी उकिरड्यावर, दुसऱ्या वेळी सरपंचाच्या म्हशीवर. त्याच्या साहेबांनी लेखी दिलं होतं, तिसऱ्यांदा पडलास तर कामावरून कमी.

महानंदानं नवऱ्याला समजावण्याचा नाद सोडला आणि कायदा वाचला. गावातल्या बायकांनी सह्या करून अर्ज दिला तर सरकार मतदान घेतं. गावात नोंदलेल्या सगळ्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बंदीच्या बाजूनं मत दिलं तर दुकान बंद. न आलेली बाई ही दुकानाच्याच बाजूची धरली जाते, हे ध्यानात ठेवायचं. मादळवाडीत नोंदलेल्या बायका आठशे सेहेचाळीस. म्हणजे चारशे चोवीस मतं पाहिजेत. सह्या झाल्या, तपासणी झाली, रविवार ठरला. महानंदा कंधारहून एसटीनं लातूरला आली.

'अप्पा, तुमी फकस्त एक सभा घ्या,' ती म्हणाली. 'बाया तुमचं ऐकत्यात.'

'घेतो की. दोन घेतो,' अप्पा म्हणाले. 'महानंदाबाई, तुम्ही आमच्या मातीची लाज राखली. शिवशंकर, लिहून घे.'

शिवशंकर हा अप्पांचा पीए. तो सगळं लिहून घेतो. त्यातलं काय करायचं हे अप्पा नंतर विसरतात.

महानंदानं पिशवीतून पत्रकाचा नमुना काढला. वर अप्पांचा हात जोडलेला फोटो. खाली दोन चौकोन. एकात उभी बाटली, दुसऱ्यात आडवी.

अप्पांनी चष्मा लावला. 'हे काय?'

'निशाणी हाय. उभी म्हंजी दुकान चालू ऱ्हाऊ द्या. आडवी म्हंजी बंद करा. सरकारचीच हाय ती.'

'बाटली?'

'हाव.'

अप्पांनी स्वतःचा फोटो आणि बाटली यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजलं. दोन बोटं भरलं.

'काढा.'

'फोटू?'

'बाटली!'

'आवो पण बाटली काढली तर बायांला कळंल कसं, शिक्का कुठं मारायचा ते?'

'विवेकानं कळेल.'

शिवशंकरनं वहीत 'विवेक' असं लिहून खाली रेघ मारली.

आतल्या दारात अप्पांच्या पत्नी कस्तुराबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'आवो, आडवी हाय की ती. पडलेली हाय.'

'पडलेली असो नाहीतर झोपलेली. बाटली ती बाटली.'

पत्रकं छापून आली तेव्हा त्यावर अप्पांचा फोटो होता आणि खाली एक रिकामा चौकोन. मादळवाडीतल्या बायकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि एकमेकींना विचारलं, अप्पा पुन्हा उभे राहिले काय?

सभा मात्र दणक्यात झाली. अप्पा पाऊण तास बोलले. आपली संस्कृती, आपली आई, आपल्या आईची संस्कृती असं सगळं झाल्यावर ते मुद्द्यावर आले. मुद्दा बोलायचा तर बाटली म्हणावं लागणार होतं. अप्पा क्षणभर थांबले आणि गरजले, 'माता-भगिनींनो, येत्या रविवारी जे आडवं आहे त्याच्या पाठीशी उभ्या राहा!'

मागून तारामतीचा आवाज आला, 'आमच्या घरी रोजच एक आडवं असतंय अप्पा. त्याच्या पाठीशी आजून किती उभं ऱ्हावं?'

तारामती महानंदाच्याच गटातली. बायका इतक्या हसल्या की शिवशंकरला टाळ्या वाजवून सभा संपवावी लागली.

मग महानंदानं पत्रकं बाजूला ठेवली. अण्णारावच्या दुकानामागून एक रिकामी बाटली उचलली, ती पिशवीत घालून घरोघर गेली. उंबऱ्यावर बाटली उभी करायची, 'ही न्हाई' म्हणायचं. मग आडवी करायची, 'ही' म्हणायचं. रिकाम्या बाटल्यांची गावात टंचाई नव्हतीच. दोन बाटल्या फुटल्या, तिसरी शेवटपर्यंत टिकली. अण्णाराव दुकानाच्या पायरीवर बसून हे बघायचा. शुक्रवारपर्यंत त्यानं नांदेडला मोबाइलच्या दुकानासाठी एक गाळा बघूनही ठेवला.

रविवारी शाळेत सकाळी आठला मतदान सुरू झालं, पाचच्या घंटेला ते संपणार होतं. अप्पा दहा वाजता दोन गाड्या घेऊन आले. एका गाडीत अप्पा आणि शिवशंकर, दुसऱ्या मोठ्या गाडीत घरातल्या बायका. कस्तुराबाई, चार सुना, दोन भावजया, तीन पुतण्या आणि एक विधवा बहीण. एकूण अकरा जणी. या अकराही जणी राहतात लातुरात, पण नावं मादळवाडीच्या यादीत. मुळाशी नातं तुटू नये असा अप्पांचा आग्रह. ग्रामपंचायतीची निवडणूक पाच-सात मतांवर फिरते, हे कारण कार्यअहवालात दिलेलं नाही.

गावात अप्पांचा टाइल्स लावलेला बंगला आहे, शाळेच्या फाटकापासून दोनशे पावलांवर. बायका तिथं उतरल्या. अप्पांनी शाळेबाहेर पत्रकारांना मुलाखत दिली, रांगेतल्या बायकांना नमस्कार केला आणि जेवायला घरी गेले.

महानंदा फाटकाबाहेर नियमानं आखलेल्या रेषेपलीकडे यादी घेऊन बसली होती. आलेल्या बाईच्या नावापुढं खूण करत होती. दुपारी तीनला तिनं खुणा मोजल्या, मग खात्रीसाठी पुन्हा मोजल्या. बाळंतीण आली होती. मोतीबिंदू झालेली म्हातारी आली होती. पुण्याला कामाला गेलेल्या सात जणी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आल्या होत्या. साडेचारनंतर खुणा साडेचारशेच्या जवळ गेल्या, पण त्यातल्या काही जणी उभीवाल्या आहेत हे तिला माहीत होतं. अण्णारावच्या घरच्या, त्याच्या पाहुण्यांतल्या. आडवीला चारशे चौदा धरायला हरकत नव्हती. दहा कमी. आणि यादीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक कोऱ्या ओळी होत्या. तोंडारे, तोंडारे, तोंडारे. अकरा.

ती पळतच बंगल्यावर गेली.

अप्पा झोपाळ्यावर बसले होते. 'या, या. किती झालं?'

'अप्पा, तुमच्या घरच्या बाया ऱ्हायल्यात. पावनेपाच होत्यात. पाठवा लवकर.'

'त्या नाही यायच्या.'

महानंदाला आधी वाटलं, कुणी आजारी आहे.

'कामून?'

'आमच्या घरातल्या बायकांनी बाटलीवर शिक्का मारायचा?' अप्पा शांतपणे म्हणाले. 'माझं तत्त्व आहे. घरातल्या लक्ष्मीचा हात त्या वस्तूला लागू नये. मग ती वस्तू असो नाहीतर तिचं चित्र.'

'आवो पण ती बंद कराया लागतोय हात!'

'हेतू चांगला आहे. साधन अशुद्ध आहे.'

महानंदाला एक शिंक आली. तिच्या स्वतःच्याच पदरावरची मिरची होती. 'अप्पा, दर पाच वर्साला तुमाला मत द्याया ह्याच अकराजणी ह्याच शाळंत येत्यात. तवा रांगंत उभ्या ऱ्हात्यात की.'

'तिथं मशीन असतं. बटणाशेजारी माझी निशाणी असते. ती शुभ आहे.'

आतल्या दारात कस्तुराबाई येऊन उभ्या होत्या, त्यांच्या मागे धाकटी सून वर्षाराणी आणि बाकीच्या. सगळ्यांनी चपला घातल्या होत्या.

'मामंजी,' वर्षाराणी म्हणाली, 'फिनेलची बाटली रोजच हातात घेते मी.'

'ती फिनेलची.'

'चित्रात कुठं लिहिलंय, कशाची हाय ते? आडव्या बाटलीत औषध बी असू शकतंय.'

अप्पांनी यावर विचार केला. विचार करताना ते झोपाळा थांबवतात. शिवशंकरला वाटलं, हीच वेळ आहे. तो म्हणाला, 'अप्पा, डोळे मिटून शिक्का मारला तर?'

'आणि चुकून उभीवर पडला म्हणजे? तोंडारेंच्या घरातून उभीला मत?'

'गुप्त असतंय की मतदान.'

'माणसांना गुप्त. वरच्याला?'

शिवशंकरनं हेही लिहून घेतलं.

'आवो, पाच वाजत्यात,' कस्तुराबाई म्हणाल्या. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, तरी त्यांच्या आवाजात इतकी घाई अप्पांनी पहिल्यांदा ऐकली. 'ह्या पोरीचा धनी खांबावरून पडंल उद्या. जाऊ द्या आमाला.'

'थांबा. मार्ग काढतो,' अप्पा म्हणाले. 'शिवशंकर, तहसीलदारांना फोन लाव.'

महानंदा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. फोन लागला. अप्पांनी तहसीलदारांना सांगितलं की मतपत्रिकेवरचं चित्र बदलून घ्यावं, किमान शेवटच्या अकरा मतपत्रिकांवरचं तरी. बाटलीऐवजी तांब्या चालेल. तहसीलदार अदबीनं म्हणाले, साहेब, निशाणी नियमानं ठरलेली आहे. अप्पा म्हणाले, मग माझा निषेध नोंदवा. तहसीलदार म्हणाले, नोंदवला. अप्पा म्हणाले, वाचून दाखवा. तहसीलदारांनी वाचून दाखवला. अप्पांनी त्यात एक शब्द बदलायला सांगितला.

हे चालू असताना वर्षाराणीनं स्वयंपाकघरातली कचऱ्याची हिरवी बादली उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. अप्पांच्या घरात सून कचरा टाकायला गेलेली चालते. बादली शाळेच्या कुंपणाशी ठेवून ती आत शिरली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. सात मिनिटांत ती परत आली, बादली मात्र तिथंच राहिली. बोटावरच्या शाईवर तिनं हळद चोळली आणि पिठलं हलवायला घेतलं.

अप्पांनी फोन ठेवला. 'झालं. निषेध नोंदवून घेतला,' ते महानंदाला म्हणाले. 'आता बघा, वरपर्यंत हलेल.'

शाळेची घंटा वाजली. दहा जणींनी चपला काढून ठेवल्या.

मोजणी सहाला झाली. उभी बाटली एकतीस, बाद चार. आडवी चारशे पंधरा. नऊ मतं कमी पडली. अधिकाऱ्यानं निकाल वाचला आणि पुन्हा अर्ज करायचा तर वर्षभर थांबावं लागेल असंही सांगितलं. मोतीबिंदूवाल्या म्हातारीनं एवढंच विचारलं, 'म्या बरुबर ठिकाणी मारला नं शिक्का?' महानंदा म्हणाली, 'हाव मावशी. तुमी बरुबर मारला.'

अण्णारावला पहिल्यांदा निकाल खरा वाटेना. खात्री पटल्यावर तो शाल आणि नारळ घेऊन बंगल्यावर गेला. अप्पांनी त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही. ''त्याच्या' धंद्यातल्या माणसाचा सत्कार मी घेत नाही,' असं त्यांनी शिवशंकरकरवी कळवलं. अण्णाराव नारळ फाटकापाशीच फोडून, हात जोडून परत गेला. वाटेत त्यानं नांदेडच्या गाळेवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली, 'दारूबंदीसाठी आमदार तोंडारे यांचे मादळवाडीत ठाण'. फोटोत अप्पा निकालानंतर शाळेबाहेर बायकांना नमस्कार करत होते. मागच्या बाजूला कुंपणाशी एक हिरवी बादली दिसत होती. ती कुणाची, हे बंगल्यातल्या दहा जणींना माहीत होतं आणि कुणीही सांगितलं नाही.

हिवाळी अधिवेशनात अप्पांनी औचित्याचा मुद्दा मांडला. दारूबंदीच्या मतदानात बाटलीचं चित्र असल्यामुळं कुलीन स्त्रिया मतदानापासून वंचित राहतात, खुद्द माझ्याच गावात या चित्रामुळं बंदी हुकली, तरी बाटलीऐवजी उभा तांब्या आणि उपडा तांब्या अशा निशाण्या ठेवाव्यात. अख्ख्या भाषणात त्यांनी बाटलीला 'ती' आणि दारूला 'ते' म्हटलं. सदस्यांनी बाकं वाजवली. 'तपासून घेतो' असं उत्तर आलं. कार्यअहवालाच्या नव्या आवृत्तीत या भाषणाला दोन पानं आहेत, आणि बंदी हुकली ते कुणामुळं, याची मीमांसाही आहे. अप्पांच्या मते ती सरकारी चित्रकारामुळं हुकली.

शिवशंकरनं अहवालाची एक प्रत महानंदाला टपालानं पाठवली. ती मिरचीच्या पुड्या बांधायला कामी आली. कागद चांगला जाड आहे.

अमृतराव जानेवारीत तिसऱ्यांदा पडला. या वेळी खाली म्हैस नव्हती. डावा पाय मोडला, आठवड्यात कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. आता महानंदा मशीन चालवते आणि तो ओसरीवर बसून, गावातली कुठली तार कुठं लोंबतेय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

मादळवाडीला सध्या वायरमन नाही. अप्पांच्या बंगल्यात इन्व्हर्टर आहे.